उघड्या मानेची ठकी

मथुराबाईच्या कोंबड्यांना मानेवर पिसं नव्हती, आणि एवढ्या एका गोष्टीवरून देवरावांनी चाळीस वर्षं बायकोची थट्टा केली होती. घरी पाहुणा आला रे आला, की ते अंगणाकडे बोट दाखवून म्हणत, "हे पाहा आमच्या सासुरवाडीचे लोक. मान ताठ, पन अंगावर धड कपडा नाई." मथुराबाई चुलीपुढूनच उत्तर देत, "अन् अंगभर कपडे घालून तुम्ही काय दिवे लावून राह्यले, तेही सांगा पाहुण्याले." पाहुणा हसे, चहा पिई आणि अंड्यांची चौकशी करून निघून जाई.

कोंबड्या मात्र होत्या पाहण्यासारख्या. उंच पाय, काळसर लाल अंग, आणि हनुवटीपासून छातीपर्यंत नुसती तांबडी कातडी. पांगरखेडात सगळे त्यांना उघडमानी म्हणत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडचा उन्हाळा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मानेची किंमत कळेल. मे महिन्यात गावातल्या बाकीच्या कोंबड्या चोची वासून निंबाखाली धापा टाकत पडलेल्या असायच्या, तेव्हा या बायका भर दुपारी उकिरडा उकरत हिंडायच्या. हिवाळ्यात मात्र तोच गुण अंगाशी येई. सकाळी ऊन वर येईपर्यंत त्या भिंतीला चिकटून, माना पंखात खुपसून रुसल्यासारख्या उभ्या असत.

हे वाण मथुराबाईच्या माहेरचं, तिकडे झरी जामणीच्या रानातल्या गावचं. लग्न झालं, बुद्धवंदना झाली, नवरी निघाली, तेव्हा मथुराबाईच्या आईनं तिच्या हातात एक झाकलेली टोपली दिली होती. टोपलीत एक कोंबडी आणि खाली गवतात गुंडाळलेली अंडी. नवरदेव देवराव तेव्हा नुकतेच एसटीत कंडक्टर म्हणून लागले होते. आपल्याच डेपोच्या गाडीत कोंबडी घेऊन बसताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे मथुराबाईची आई गेली, भावानं शेत विकून शहर गाठलं, त्या घरी आता कुणी राहत नाही. माहेरचं म्हणावं असं जिवंत काही उरलं असेल, तर ते देवरावांच्या अंगणात कुटकुट करत फिरत होतं.

म्हणून की काय, या कोंबड्यांच्या बाबतीत ही बाई भलती चिकट होती. एरवी शेजारणीला पायलीभर ज्वारी उसनी देऊन विसरून जाणारी बाई. पण उघडमानीचं अंडं घरातून बाहेर जायचं ते उकडूनच. खायला माग, दोन देते, चार देते, पण उकडून देते. कारण कच्चं अंडं दिलं की घेणारी ते आपल्या कोंबडीखाली बसवणार, आणि मग आपल्या माहेरची कोंबडी गावभर होणार. असं करू नये हे तिला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

मग आला तो पावसाळा. गावात मानमोडी शिरली. हा कोंबड्यांचा रोग असा, की सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून पडते. आठवड्याभरात पांगरखेडातली निम्मी खुराडी रिकामी झाली. मथुराबाईच्या दोन डझनांतून एक म्हातारा कोंबडा आणि ठकी नावाची एक कोंबडी, एवढीच उरली. मथुराबाई रडल्या नाहीत. त्यांनी खुराडं चुन्यानं पोतलं आणि त्या दोघांना स्वयंपाकघराशेजारच्या सपरीत, कुडाच्या पडवीत, आणून ठेवलं. डिसेंबर लागला आणि एका पहाटे रानमांजरानं कोंबडाही नेला. अंगणात चार काळी पिसं तेवढी राहिली.

आता उघडमानीचं जे काही होतं ते ठकीच्या शेवटच्या अंड्यांत होतं. कोंबडा असतानाची ती अंडी मथुराबाईंनी गव्हाच्या डब्यात जपून ठेवली होती. नशिबानं ठकी त्याच आठवड्यात खुडूक झाली. अंग फुगवून, कुणी जवळ आलं की गुरगुरत, ती रिकाम्या टोपल्यात बसून राहू लागली. एवढ्या थंडीत कुणी कोंबडी बसवतं का, असं सगळी आळी म्हणाली. मथुराबाईंनी अकरा अंडी टोपल्यात मांडली आणि ठकीला वर बसवलं.

त्यानंतर चारच दिवसांनी त्या न्हाणीत घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं.

मुलगा संघदीप यवतमाळहून गाडी घेऊन आला. आईला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. प्लास्टर झाल्यावर ती आपल्याकडेच राहील, त्याची बायको दीपा तिचं सगळं करेल, असं त्यानं वडिलांना सांगितलं. देवरावांना मागे राहणं भाग होतं. कापसाची वेचणी चालू होती, तूर उभी होती. मथुराबाई दुखण्यानं घामाघूम झाल्या होत्या, तरी गाडीच्या काचेतून त्यांनी नवऱ्याला बजावलं.

"अवो, ते टोपलं हलवू नका. दुपारी ती एकदा उठते, दाना खाते, पानी पेते, राखेत लोळते, अन् परत बसते. तुम्ही फक्त दाना-पानी ठेवजा. तिच्या कामात हात घालू नका."

"नाई घालत वं," देवराव म्हणाले.

आणि त्यांनी हात घातला. माणूस वाईट नव्हता, उलट फार मायाळू होता. घोटाळा तिथूनच झाला.

झालं असं, की आठवडाभरात ढग फाटले आणि उत्तरेचा वारा सुटला. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस ऊन सोसायला जन्मलेला असतो. थंडी पडली की तो गांगरतो. सकाळी चौकात शेकोट्या पेटल्या. देवरावांनी स्वेटरवर स्वेटर चढवला, माकडटोपी घातली, वरून शाल घेतली, आणि तशा थाटात ते ठकीला दाणे घालायला गेले. ठकी टोपल्यात चपटी होऊन बसली होती. उघडी मान पिसांत ओढून घेतली होती, तरी वरचा भाग दिसत होता, आणि तो नेहमीसारखा तांबडा नव्हता. जांभळट पडला होता.

 ज्या मानेची आपण जन्मभर टिंगल केली ती मान अशी काकडताना पाहून देवरावांना स्वतःचीच लाज वाटली. आपण इथे तीन कपड्यांत, आणि हे मुकं जनावर उघड्या मानेनं बायकोच्या माहेरचा वंश पोटाखाली धरून बसलंय. काहीतरी करायलाच हवं होतं.

आता काय करायचं हे दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला चटकन सुचलं नसतं. देवरावांना सुचलं, कारण पुढच्या खोलीत छपरापर्यंत पांढराशुभ्र कापूस रचलेला होता. भाव चढेपर्यंत तो तिथेच राहणार होता. लहानपणी थंडीत याच ढिगात अंग खुपसून ते झोपले होते आणि तसली ऊब जगात दुसरीकडे नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. दुपारी ठकी दाणे खायला उठली तशी त्यांनी टोपल्यातलं कुटार काढून टाकलं. सोयाबीनचा तो टोचरा भुसा पाहून त्यांना बायकोचं नवलच वाटलं. त्या जागी त्यांनी हातभर मऊ कापूस दाबून भरला, त्यात अंडी ठेवली, आणि सपरीच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाला बाहेरून ताडपत्री बांधली. वर वारा खेळायला ठेवलेला झरोका होता, त्यात खताचं पोतं कोंबलं. सुईच्या टोकाएवढी फट राहू दिली नाही.

संध्याकाळी फोन आला.

"ठकी कशी हाय?"

"रानीसारखी बसून हाय," देवराव छाती फुगवून म्हणाले. कापसाचं काही बोलले नाहीत. ती घरी आल्यावर पिल्लं दाखवून मग सांगू, असा त्यांचा बेत होता.

दोन दिवस ते खुशीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सपरीचं दार उघडलं आणि आतून डोळ्यांना झोंबणारा कुबट वास आला. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. जमीन ओली, कूड ओला, आणि टोपल्यातला कापूस हाताला गार, दमट लागत होता. ठकी टोपल्यात नव्हतीच. ती कोपऱ्यात एका पायावर उभी राहून नाकातून सूं सूं करत होती. दुसऱ्या पायाच्या नखांना कापसाच्या तंतूंचा पीळ बसला होता आणि त्या पिळाबरोबर ओढलं गेलेलं एक अंडं जमिनीवर फुटून पडलं होतं. दुसऱ्याला चीर गेली होती. उरलेली नऊ अंडी कापसात खोल रुतून बसली होती. हात घालून शोधावी लागत होती, मग कोंबडीच्या पोटाला ती कुठून लागणार? बाहेरून गार पडली होती.

देवरावांनी कात्रीनं तंतू कापले. ठकीला उचलून टोपल्यात ठेवलं. ती उतरली. पुन्हा ठेवलं. पुन्हा उतरली आणि दारातून बाहेर उन्हात पळाली. तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"अवं ठके, मागे ये ना वं," देवराव म्हणाले. आयुष्यभर भरल्या गाडीतल्या माणसांना पुढे सरकवलेल्या या माणसाला एक कोंबडी हाकता येईना.

अंडी गार होत होती. पोटात पिल्लं अर्धी घडलेली असणार. मथुराबाईच्या आईच्या हातची शेवटची वस्तू आपण आपल्या हातांनी मारत आहोत, हे देवरावांना लख्ख कळलं. तेवढ्यात आळीच्या टोकाकडून कुणाची तरी कोंबडी गुरगुरल्याचा आवाज आला. दोन दिवसांपासून येत होता. बेबीताईंची कोंबडी खुडूक झाली होती. या दिवसांत पिल्लं नकोत म्हणून बेबीताईंनी तिला पायाला दोरी बांधून उन्हात ठेवलं होतं, म्हणजे बसायचा नाद सुटावा.

पण बेबीताई! भगवानराव पाटलांच्या घरच्या, तोंडानं फटकळ. सात-आठ वर्षांमागे त्या मथुराबाईंकडे बसवायला उघडमानीची दोन अंडी मागायला आल्या होत्या. मथुराबाईंनी चार दिली. घरी जाऊन त्यांनी ती मोठ्या हौसेनं कोंबडीखाली ठेवली आणि पिल्लांची वाट पाहिली. शेवटी एक अंडं फोडलं, तेव्हा ते उकडलेलं निघालं. तेव्हापासून दोघी बायका समोर आल्या की 'जेवण झालं का' एवढंच बोलत.

देवरावांनी माकडटोपी काढली, तिच्यात अंडी भरली, टोपी स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि निघाले.

बेबीताई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. पोटाशी हात धरून आलेल्या देवरावांना पाहून त्या उठल्याच. "काय झालं देवरावभाऊ? पोट दुखून राह्यलं काय?"

"पोट नाई वो. अंडी हायेत. उघडमानीची. माह्या हातून घोळ झाला, ठकी उठली. तुमची कोंबडी..." त्यांनी टोपी पुढे केली.

बेबीताईंनी टोपीत डोकावून पाहिलं. एक अंडं उचललं, पापणीला लावलं. मग तोंडाचा कोपरा वाकडा करून म्हणाल्या, "उकडलेली तं नाईत ना?"

देवराव खाली पाहू लागले. बेबीताईंना बहुतेक तेवढंच हवं होतं, कारण लगेच त्यांचा आवाज बदलला. त्यांनी घरातून मोबाइल आणला, अंधाऱ्या खोलीत एकेका अंड्यामागे टॉर्च धरला. अंड्याच्या आत लाल बारीक शिरा उमटल्या. एकात काहीतरी हललं. देवरावांनी इतकी वर्षं अंडी खाल्ली, पण आत असं काही असतं हे डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"जीव हाय," बेबीताई म्हणाल्या. "काय केलतं तुम्ही?"

देवरावांनी सगळं सांगितलं. कापूस ऐकताच बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "अवो, कापूस मानसाले ऊब देते. कोंबडी आपल्या पोटाच्या कातडीनं अंडं धरते, पायानं घडीघडी फिरवते. कापसात अंडं बुडालं तं ती काय फिरवन? अन् एवढं गच्च बंद केलं तं तिचाच श्वास पानी होऊन तिच्यावरच पडते. कोरडी थंडी सोसते तिले. ओल नाई सोसत."

"मले वाटलं, मान उघडी हाय तिची..."

"वाटलं ना? मलेही वाटलं असतं. मान उघडी पाहून मीही मफलर गुंडाळला असता बाई." त्या हसल्या. मग हात पुसून सरळ उभ्या राहिल्या. "बसवतो मी. पन रीत तुम्हाले माहीत हाय. कोंबडी माही, अंडी तुमची. पिल्लं अर्धी अर्धी, अन् पहिली निवड कोंबडीवालीची."

रीत देवरावांना माहीत होती. आळीत सगळ्यांमध्ये तसंच चाले. फक्त त्यांच्या घरात कधी चालली नव्हती. अर्धी पिल्लं म्हणजे काय, हे मथुराबाईंना कळल्यावर घरात काय होईल, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. हातातली टोपी तेवढ्या वेळात अजून थोडी गार झाल्यासारखी वाटली.

"बसवा," ते म्हणाले.

बेबीताईंची कोंबडी साधी गावठी, तपकिरी, गबदुल, मानेपासून पायापर्यंत पिसांनी भरलेली. बेबीताईंच्या सपरीत सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर होता, त्यात पऱ्हाटीच्या कुडाशेजारी टोपलं मांडलं. दोरी सोडली. कोंबडीनं अंड्यांकडे तिरप्या मानेनं पाहिलं, चोचीनं दोन सरळ केली, अंग फुगवून वर बसली आणि डोळे मिटले. दोन दिवस तिनं ज्याच्यासाठी आरडाओरड केली ते तिला मिळालं होतं. देवरावांना तिच्या पाया पडावंसं वाटलं.

फोन मात्र करायचा होता. त्यांनी तो दुपारीच केला, संध्याकाळपर्यंत धीर राहिला नसता म्हणून. कापूस, ताडपत्री, फुटलेली अंडी, बेबीताई, सगळं सांगितलं. मथुराबाईंनी पलीकडून एवढंच विचारलं.

"अर्धा वाटा देतो म्हनलं?"

"हाव."

"मले न इचारता."

"अंडी गार होऊन राह्यलती वं. येळ कुठी होता?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर मथुराबाईंचे फोन येत राहिले, पण त्यात वेचणीला किती बाया आल्या, तूर कापली का, जेवता का, एवढंच असे. ठकीचं नाव नाही, अंड्यांचं नाव नाही. नवरा-बायकोच्या भांडणात आवाज चढला की देवरावांना बरं वाटे. हा थंडपणा त्यांना सोसेना.

मग ते एकच करू शकत होते, ते त्यांनी केलं. घरच्या सपरीची ताडपत्री काढली, झरोका मोकळा केला, ओला कापूस उन्हात टाकला आणि जमिनीवर कोरडं कुटार पसरलं. ठकीला संध्याकाळी मूठभर ज्वारी जास्त घालू लागले, सकाळी पाणी कोमट करून ठेवू लागले. चुलीमागच्या भिंतीला लागून एक आडवं लाकूड बसवलं. ठकी संध्याकाळी त्यावर चढे, पाय पोटाखाली घेई, मान मागे वळवून पंखात खुपसून टाके आणि उघडी म्हणून जी होती ती मान दिसेनाशीच होई. सकाळी ऊन आलं की भिंतीजवळ पंख पसरून बसे. आठवड्यात तिचं सूं सूं थांबलं. तिच्यात ही अक्कल आधीपासून होती, फक्त तिला कुणी ती वापरू द्यायला हवी होती, हे देवरावांना कळलं. वेळ लागला, पण कळलं.

दिवसातून दोनदा ते बेबीताईंच्या सपरीत जाऊन बसत. भगवानराव म्हणायचे, "देवराव, तुम्ही स्वताच बसा आता अंड्यावर. तिले सुट्टी द्या." देवराव हसत आणि तरीही बसून राहत. एवढ्या कडाक्यात ती गबदुल कोंबडी हलत नव्हती. दुपारी ऊन तापलं की घाईघाईनं चार दाणे टिपायची, राखेत एक लोळण घ्यायची, की परत. मधूनच पोटाखाली चोच घालून अंडी फिरवायची, कडेची मधे, मधली कडेला.

नवं वर्ष लागता लागता एका सकाळी बेबीताईंची हाक आली. देवराव चहा अर्धा टाकून धावले. टोपल्यात कवचं पडली होती आणि कोंबडीच्या छातीच्या पिसांतून एक ओलसर डोकं बाहेर आलं होतं. मग आणखी एक. तिसऱ्याची मान लांब आणि उघडी होती, गुलाबी, बोटाएवढी. ते थंडीला लागलं आणि लगेच परत पिसांत घुसलं. देवराव पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सहा पिल्लं निघाली. चार उघड्या मानेची, दोघांच्या मानेवर पिसं. ज्यांना मानेवर पिसं नव्हती ती चौघं थंड सकाळी त्या परक्या आईच्या दाट पिसांत मानेपर्यंत शिरून राहत, नुसत्या शेपट्या बाहेर. देवरावांनी व्हिडिओ काढून सुनेला पाठवला. उत्तर दीपाचंच आलं: 'बाबा, आई सकाळपासून तोच पाहून राहिल्या. मला फोनच देत नाहीत.' देवरावांनी तो निरोप दोन-तीनदा वाचला आणि वेचणीच्या बायांना त्या दिवशी चहाबरोबर भजी दिली.

फेब्रुवारी लागता लागता मथुराबाई घरी आल्या. प्लास्टर निघालं होतं, हातात काठी होती. आल्या त्या दिवशी त्यांनी सपरी पाहिली, ठकीला मांडीवर घेतलं, तिच्या मानेवरून बोट फिरवलं.  दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर काठी घेतली आणि म्हणाल्या, "चला. वाटा करून टाकू."

देवरावांना वाटलं, आता आळीला तमाशा दिसणार.

बेबीताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. दोघींनी एकमेकींना पाय कसा आहे, तूर किती झाली, हे विचारून घेतलं. मग बेबीताईंनी सुपात दाणे टाकले. सहाही पिल्लं धावत आली. आता ती मुठीपेक्षा मोठी झाली होती, तुरे दिसू लागले होते. उघडमानींत दोन कोंबडे, दोन कोंबड्या. पिसाच्या मानेच्या दोन्ही कोंबड्या.

"निवड," मथुराबाई म्हणाल्या. "पहिली निवड तुही हाय."

बेबीताईंनी वेळ लावला नाही. पिसाच्या मानेची दोन्ही उचलून बाजूला ठेवली. मग उघडमानींतली सगळ्यात किडकिडीत कोंबडी उचलली. "झालं माहं. आमच्या घरी नागड्या मानेचं कोन पाहीन हिवाळ्यात? हे एक ठेवतो हौसेखातर. बाकी तुमच्या मायचं तुम्ही ठेवा बाई."

मथुराबाई त्या तीन पिल्लांकडे बघत राहिल्या. बेबीताईंनी काय केलं हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पहिली निवड हातात असताना या बाईनं चांगलं ते सगळं मागे ठेवलं होतं. उकडलेली अंडी जिच्या वाट्याला आली होती, तिनं.

मथुराबाई काठीवर जोर देऊन वाकल्या. दोन नरांतला मोठा, काळ्या शेपटीचा कोंबडा उचलला आणि बेबीताईंच्या पदरात ठेवला. बेबीताईंच्या वाट्यातली पिसाच्या मानेची एक कोंबडी उचलून आपल्याकडे घेतली.

"एकटी कोंबडी नेऊन काय करशीन? जोडी लागते."

"बाई, तो तं तुमचा सगळ्यात..."

"घे म्हनलं ना." मग त्या जरा थांबल्या. बोलताना त्या बेबीताईंकडे पाहत नव्हत्या, अंगणातल्या पिल्लांकडे पाहत होत्या. "माह्या लग्नात मायजवळ दोनच कोंबड्या होत्या. त्यातली एक तिनं मले देल्ली. एवढ्या वर्षांत मी कोनालेच नाई देल्ली. म्हनून तं एका पावसाळ्यात सगळ्या गेल्या."

हे देवरावांनी कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या टोपलीची त्यांनी थट्टा केली, ती अर्धं घर काढून दिलेली होती, हे त्यांना आता कळत होतं. त्यांनी वाट्याची तिन्ही पिल्लं हळूच टोपल्यात ठेवली.

परत जाताना पिल्लं देवरावांच्या हातातल्या टोपल्यात होती आणि मथुराबाई काठी टेकत पुढे चालत होत्या. देवरावांना राहवलं नाही.

"अवं, पन उद्या पुन्हा मानमोडी आली, अन् आपल्या घरच्या सगळ्या गेल्या तं?"

"तं बेबीच्या घरी जाईन अन् अंडी मागीन."

"तू? मागशीन?"

"हाव," मथुराबाई म्हणाल्या, आणि दारातून आत जाता जाता मागे न पाहता पुन्हा म्हणाल्या, "मागीन."